कललेली भिंत कशी मॉडेल करावी: आधी ओळंबा, मग माउस

सरळ उभी भिंत काढायला सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिक पुरतात. भिंत कलवायचं बटणही रेव्हिट आणि आर्किकॅड या इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयारच असतं, ते शोधायला फार वेळ लागत नाही. घोळ होतो तो बटण दाबण्याआधी. कोन कशापासून मोजायचा, काढलेली रेषा भिंतीच्या पायाची की माथ्याची, जाडी आडवी की पृष्ठभागाला काटकोनात, हे ठरलेलं नसतं. मग थ्रीडीत छान दिसणारी भिंत सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, भलतीकडेच निघते.

आधी ठरवा: तिरपं काय आहे?

“भिंत तिरपी हवी” असं कुणी म्हटलं तर त्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात आणि तिन्हींची कृती वेगळी आहे.

पहिली कललेली भिंत. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात, जाडी सगळीकडे सारखी, फक्त अख्खी भिंत आत किंवा बाहेर झुकलेली. दुसरी निमुळती भिंत, पायाशी जाड आणि माथ्याशी पातळ. मातीचा दाब अडवणाऱ्या भिंती बऱ्याचदा अशा असतात. एक बाजू ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, आणि दुसरी तिरपी, किंवा दोन्ही तिरप्या. तिसरी भिंत मुळात कललेलीच नसते. ती ओळंब्यात उभी असते, फक्त तिचा माथा छपराच्या उतारानुसार उतरता असतो.

या तिसरीचं काम लगेच उरकतं. रेव्हिटमध्ये भिंत निवडून ‘अटॅच टॉप’ने छपराला जोडा, किंवा ‘एडिट प्रोफाइल’ घेऊन एलिव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या चित्रात) माथ्याची रेषा तिरपी करा. आर्किकॅडमध्ये भिंत छपराने कापून घ्या. स्केचअपमध्ये माथ्याच्या एका टोकाची कड उचलून वर न्या. इथे कोनाच्या सेटिंगला हात लावायचं कारणच नाही. पुढचं सगळं पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे.

पाच मिनिटांची आकडेमोड

कॅल्क्युलेटर घ्या. ३ मीटर उंचीची, २०० मिलिमीटर जाडीची भिंत ओळंब्यापासून १०° कलवायची आहे असं धरू.

माथा पायापासून आडवा किती सरकेल? उंची गुणिले कोनाचा टॅन. १०° चा टॅन ०.१७६३, म्हणजे ३००० × ०.१७६३ = ५२९ मिमी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर पडताळणीला तोच लागेल.

जाडी: २०० मिमी ही पृष्ठभागाला काटकोनात मोजलेली जाडी असेल, तर आडव्या छेदात ती २०० भागिले कॉस १०°, म्हणजे २०३ मिमी दिसेल. तीन मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. कोन ३०° करून बघा, तोच आकडा २३१ होतो.

तिरपी उंची: पृष्ठभागावरून मोजली तर ३००० भागिले कॉस १०°, म्हणजे ३०४६ मिमी. गिलावा, रंग, क्लॅडिंग (वरून लावायचं आवरण) यांचं क्षेत्रफळ या उंचीवर काढायचं असतं.

मोठ्या इमारतीत हे आकडे कसे फुगतात त्याचा अंदाज हवा असेल तर माद्रिदमधले ‘पुएर्ता दे एउरोपा’चे जुळे मनोरे बघा. १९९६ साली पूर्ण झालेले हे मनोरे एकमेकांकडे १५° झुकलेले आहेत, उंची सुमारे ११४ मीटर. ११४ × ०.२६८ केलं की माथा पायापासून ३० मीटरहून जास्त सरकलेला निघतो. कोन ऐकायला किरकोळ, सरकणं मात्र एका मध्यम इमारतीच्या रुंदीइतकं.

कोन कुणी ठरवला आणि का, हेही विचारून घ्या. बहुतेकदा १०° हा आकडा गोल आहे म्हणूनच निवडलेला असतो. त्याऐवजी १:६ असं प्रमाण, म्हणजे सहा उंचीला एक सरकणं, धरलं तर ३ मीटरला बरोबर ५०० मिमी सरकतं आणि मोजणं सगळ्यांनाच सोपं जातं. माझं मत विचाराल तर शक्य तिथे प्रमाणच धरावं. फक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोन भरताना ९.४६२° असा पुरा भरा. ९.५° असा गोळाबेरीज कोन टाकलात तर ३ मीटरला फरक जेमतेम २ मिमी पडतो, पण ३० मीटर उंचीवर तोच २० मिमी होतो.

रेव्हिटमध्ये

कललेल्या भिंतीची सोय रेव्हिट २०२१ पासून आहे, निमुळत्या भिंतीची २०२२ पासून. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर मास (इमारतीचा नुसता घन आकार) बनवून त्याच्या पृष्ठभागावर ‘वॉल बाय फेस’ने भिंत चढवावी लागते.

१. भिंतीचा टाइप निवडा आणि ‘लोकेशन लाइन’, म्हणजे काढलेली रेषा भिंतीच्या जाडीत कुठे धरायची, ते ठरवा. बाहेरच्या पृष्ठभागावरून मापं दिलेली असतील तर ‘फिनिश फेस: एक्स्टीरिअर’ घ्या. मध्यरेषेवर काढून नंतर सरकवत बसू नका.

२. प्लॅनमध्ये भिंत काढा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मग बाहेरची बाजू बाहेरच राहते. उलटी झालीच तर भिंत निवडून स्पेसबार दाबा. हे आत्ताच बघून घ्या, कारण कल आत की बाहेर हे भिंतीची बाहेरची बाजू कुठली आहे त्यावर अवलंबून असतं.

३. भिंत निवडा, प्रॉपर्टीजमध्ये ‘क्रॉस-सेक्शन’ला ‘स्लँटेड’ करा आणि ‘अँगल फ्रॉम व्हर्टिकल’मध्ये कोन भरा. नावाप्रमाणे हा कोन ओळंब्यापासून आहे. शून्य म्हणजे सरळ उभी. अधिक-उणे चिन्हाने झुकण्याची दिशा बदलते. चारही भिंती एकदम निवडून एकच कोन भरण्याआधी एका भिंतीवर करून बघा.

४. लगेच सेक्शन कापा आणि माथ्याचं सरकणं मोजा. ५२९ आलं तर पुढे जा.

निमुळत्या भिंतीसाठी आधी टाइपमध्ये जाऊन थरांच्या यादीत ज्या थराची जाडी बदलायची आहे त्याला ‘व्हेरिएबल’ची खूण करा. साहजिकच तो गाभ्याचा थर असावा, गिलाव्याचा नव्हे. मग ‘क्रॉस-सेक्शन’ला ‘टेपर्ड’ करा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा कोन वेगवेगळा देता येतो. टाइपमधली जाडी भिंतीच्या कुठल्या पातळीवर मोजायची, तेही इथेच ठरतं, आणि बहुतेक जण हे बघायचं विसरतात. पायाशी ४०० मिमी हवी असताना ती माथ्याशी ४०० धरली गेली, तर पाया कुठल्या कुठे रुंद होतो.

आर्किकॅडमध्ये

वॉल टूलच्या सेटिंगमध्ये सरळ, स्लँटेड आणि डबल स्लँटेड असे पर्याय आहेत. डबल स्लँटेडमध्ये दोन बाजूंना दोन कोन देता येतात, म्हणजे निमुळत्या भिंतीचं काम त्यात होतं.

इथे रेव्हिटमधून आलेला माणूस हमखास फसतो. आर्किकॅड कोन जमिनीपासून मोजतं, त्यामुळे सरळ भिंत म्हणजे ९०°. आपल्या उदाहरणात १०° नव्हे, ८०° भरायचे. १० भरलेत तर भिंत जवळपास आडवी होईल. ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. खरी भीती ४५° च्या आसपासच्या कोनांची. ४० आणि ५० मधली अदलाबदल नुसत्या नजरेला पटकन कळत नाही.

स्केचअपमध्ये

स्केचअपला भिंत म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला फक्त कडा आणि पृष्ठभाग कळतात. म्हणून इथे कोन भरायची जागा नाही, सरकणं भरायचं.

ठोकळा करून त्याचा माथा सरकवता येतो: वरचा पृष्ठभाग निवडा, मूव्ह घ्या, बाणाच्या किल्लीने अक्ष पक्का करा आणि ५२९ टाइप करा. मला मात्र दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते. भिंतीचा छेदच आधी काढा: पायाशी २०३ मिमी, ३००० उंचीवर तेवढाच, पण ५२९ने सरकवलेला. हा चौकोन बंद झाला की पुश/पुलने भिंतीच्या लांबीइतका ओढा. निमुळती भिंत हवी असेल तर छेदात माथ्याची रुंदी कमी करा, बाकी कृती तीच. झाल्यावर लगेच ग्रुप करा, नाहीतर शेजारच्या भिंतीच्या कडा हिला चिकटतील आणि एक हलवली की दुसरीही ताणली जाईल.

कोपरे

दोन भिंती कोपऱ्यात गुण्यात, म्हणजे काटकोनात, भेटत असतील आणि दोन्ही सारख्याच कोनात आत झुकल्या असतील, तर त्यांच्यामधली कड भिंतींपेक्षा जास्त झुकते. १०° च्या भिंतींची कड ओळंब्यापासून १४° असते. शिवाय दोन पृष्ठभागांमधला खरा कोन ९०° राहत नाही, ९१.७° च्या आसपास होतो. त्यामुळे कोपऱ्याची पट्टी किंवा काच काटकोनी मागवली तर ती बसणार नाही.

कोन वेगवेगळे असतील, समजा एक १०° आणि दुसरा २०°, तर ३ मीटरवर एक भिंत ५२९ आणि दुसरी १०९२ मिमी सरकते. कोपऱ्याची कड प्लॅनमध्ये ४५° वर न जाता एका बाजूला झुकते. सॉफ्टवेअर हा जोड कधी नीट करतं, कधी फट ठेवतं. थ्रीडीत कोपऱ्याजवळ जाऊन पायाशी आणि माथ्याशी दोन्हीकडे बघा. प्लॅनमधला जोड नीट दिसला म्हणून खात्री धरू नका.

गोलाकार भिंत कलवली की शंकूचा तुकडा तयार होतो. आत झुकत असेल तर माथ्याची त्रिज्या सरकण्याइतकी कमी होते: पायाशी ४ मीटर असेल तर आपल्या १०° ला माथ्याशी ३.४७ मीटर. याहून गुंतागुंतीचा, पिळलेला पृष्ठभाग असेल तर साध्या भिंतीशी झटापट करू नका, मासकडे वळा.

दारं आणि खिडक्या

खिडकी भिंतीबरोबर कलली तर चालते, कधी तसंच हवं असतं. दार मात्र ओळंब्यातच हवं, नाहीतर ते आपोआप उघडेल किंवा मिटेल. रेव्हिटमध्ये कललेल्या भिंतीतल्या दार-खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ओरिएंटेशन’ उभं की भिंतीप्रमाणे, हे निवडता येतं. उभी चौकट कललेल्या भिंतीत बसवली की खाली किंवा वर त्रिकोणी खाच उरते. ती बंद कशी करायची हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, त्याचा तपशील वेगळा काढावा लागतो.

स्केचअपमध्ये पुश/पुल पृष्ठभागाला काटकोनातच जातं, त्यामुळे भोक भिंतीबरोबर कलतं. उभ्या चौकटीसाठी एक सरळ ठोकळा भिंतीतून आरपार ठेवा आणि ‘इंटरसेक्ट फेसेस’ने छेदरेषा काढून नको तो भाग पुसा.

प्लॅन, स्लॅब आणि मापं

प्लॅन हा जमिनीपासून काही उंचीवरचा छेद असतो, साधारण १.२ मीटरवरचा. त्या उंचीला आपली भिंत आधीच २१२ मिमी सरकलेली असते. म्हणून प्लॅनमध्ये जाड रेषेत दिसणारी भिंत आणि जमिनीवर आखायची भिंत या दोन वेगळ्या जागा आहेत. मापं देताना पायाची रेषा पकडा आणि शेजारी तसं लिहा.

अनेक मजल्यांची भिंत मजल्यागणिक तुकडे करून रचण्यापेक्षा एकच अखंड काढावी. तुकडे केलेत तर प्रत्येक तुकडा खालच्यापेक्षा ५२९ मिमी सरकवायचा हे लक्षात ठेवावं लागतं, आणि कोन बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं. स्लॅबची कड मात्र प्रत्येक मजल्यावर वेगळी असणारच. खालच्या मजल्याचा स्लॅब कॉपी करून वर चिकटवू नका. भिंत आत झुकत असेल तर खोलीचं क्षेत्रफळ कुठल्या उंचीवर मोजलं जातंय तेही तपासा. जमिनीवर भरपूर दिसणाऱ्या जागेत भिंतीलगत माणूस ताठ उभा राहू शकत नाही.

बांधकामाच्या चित्रांवर नुसता कोन लिहू नका. फळ्या ठोकणारा माणूस १०° मोजत नाही, तो ओळंबा सोडतो आणि पट्टीने अंतर घेतो. त्याच्यासाठी सेक्शनमध्ये दर मीटरला १७६ मिमी, आणि माथ्याशी ५२९, असे आकडे द्या.

मॉडेल आयएफसी फाइलमधून (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या सामाईक फाइलमधून) दुसऱ्याला द्यायचं असेल तर ती फाइल आधी स्वतः उघडून बघा. कललेल्या भिंतीचा आकार बहुधा नीट पोचतो, पण समोरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नुसता ठोकळा होऊन बसू शकते, जिचा कोन तिथे बदलता येत नाही. तसं असेल तर कोनाचे बदल तुमच्याच फाइलमध्ये होतील हे आधीच कळवून टाका.