दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर वकील गाठताना या चुका टाळा

रात्री साडेबारा-एकला फोन वाजतो तेव्हा पलीकडे पकडला गेलेला माणूस क्वचितच असतो. त्याचा मेहुणा असतो, नाहीतर ऑफिसातला मित्र. पहिलं वाक्य ठरलेलं: "वकीलसाहेब, तिथल्या पीआयला ओळखता का?" मला फोन येण्याआधी नगरसेवक, आमदाराचा पीए, 'आरटीओत ओळख असलेला' कुणीतरी अशी सगळी वारी होऊन गेलेली असते. तोवर एक-दीड तास गेलेला असतो, आणि नेमका तोच वेळ महत्त्वाचा असतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ सांगतं, की कलम १८५ खाली, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. याचा अर्थ केस संपली असा नाही, फक्त अटक संपते. पण म्हणूनच माझा पहिला प्रश्न वेळेचा असतो. नाकाबंदीत किती वाजता अडवलं, फुंकायच्या मशीनच्या पावतीवर कोणती वेळ छापली आहे, सरकारी दवाखान्यात किती वाजता नेलं? ज्यांनी या तीन वेळा मोबाइलमध्ये टिपून ठेवल्या, त्यांचं काम निम्मं सोपं होतं. उरलेले लोक दुसऱ्या दिवशी "साधारण बारा असतील" असं सांगतात. त्या 'साधारण'चं कोर्टात काहीही होत नाही.

"साहेब, इथेच मिटवून टाका"

सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, अशा गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून मोकळं होता येतं. कलम १८५ त्या यादीत नाही. हे प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर जाणारच. त्यामुळे रस्त्यावर कुणी 'मिटवून देतो' म्हणत असेल, तर तो लाच मागतोय, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहे. पैसे देणं भागच पाडलं गेलं असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

दुसरी गैरसमजूत लोकअदालतीची. "थांबू जरा, लोकअदालतीत अर्ध्यावर सुटेल," असं म्हणत लोक महिनोन्महिने समन्स उशाखाली ठेवतात. तडजोडपात्र नसलेला गुन्हा लोकअदालतीसमोर येऊच शकत नाही. तिथे ई-चलान मिटतात, ही केस नाही.

मशीनमध्ये फुंकायला नकार

हा सल्ला पार्टीत हमखास कुणीतरी देतो. कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. फुंकायला नकार दिलात आणि पोलिसांना वाजवी संशय असेल, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, ठाण्यातून रक्ताच्या तपासणीला पाठवता येतं, आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात तुमच्याच विरोधात धरला जाऊ शकतो. म्हणजे अल्कोहोलचा आकडा तर लपत नाहीच, वर नकाराची नोंद होते.

तुम्ही खरंच प्यायला नसाल, आत्ताच माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल, तर ते तिथल्या तिथे सांगा. अटकेनंतर पोलिस ठाण्यात पुन्हा श्वास तपासणीची संधी द्यायला हवी, असं कलम २०३ म्हणतं. ती मागा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर तिथे दुसरी महिला हजर असणं बंधनकारक आहे. आणि दारूचा परवाना खिशातून काढून दाखवू नका. तो पिण्याचा परवाना आहे, पिऊन चालवण्याचा नव्हे. हे वाक्य मी जितक्या वेळा बोललो असेन तितकं माझं नावही बोललो नसेन.

न वाचता सही

'सही करा आणि जा' म्हटलं की थकलेला माणूस कशावरही सही करतो. अटक झाली असेल तर अटकेची कारणं लेखी मिळायला हवीत, तीही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. जुलै २०२४ मधल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. नातेवाइकाला कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, २४ तासांत कोर्टापुढे हजर करणं, हे हक्कही आहेतच. लायसन्स जमा केलं असेल तर त्याची पोच घ्या.

फक्त कलम १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा हक्क आहे, त्यासाठी 'सेटिंग' लागत नाही. जातमुचलका (स्वतःचीच लेखी हमी) किंवा जामीनदार द्यायचा आणि बाहेर पडायचं. एवढ्या कामाचे कुणी पन्नास हजार मागितले, तर जरा थांबा.

कोर्टाच्या गेटवरचा हितचिंतक

सकाळी कोर्टाच्या आवारात एक माणूस स्वतःहून जवळ येतो. "ड्रंक अँड ड्राईव्ह ना? आपले वकील आहेत, गॅरंटी." हा दलाल. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, आणि निकालावर अवलंबून फी ठरवायलाही. त्यामुळे 'सुटलात तर एवढे, नाही सुटलात तर काही नाही' हा सौदाच नियमबाह्य आहे. 'गॅरंटी' हा शब्द ऐकला की उठा.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक काय? महाराष्ट्रातल्या वकिलांचा तो एमएएच या अक्षरांनी सुरू होतो. तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? फी एकरकमी की दर तारखेला, आणि पावती देणार का? घरच्या फ्लॅटची कागदपत्रं केलेला वकील काका कितीही प्रेमळ असला, तरी फौजदारी कोर्टात रोज जाणारा माणूस वेगळा.

पैसे नसतील तर लाजू नका. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. महिलांनाही. अनुसूचित जाती-जमातींतल्या, अपंग आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांनाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, हेल्पलाइन १५१००. 'फुकटचा वकील' म्हणून नाक मुरडणारे बरेच पाहिले. त्यातले काही नंतर दलालाला दिलेले पैसे मोजत बसले.

"दंड भरला की विषय संपला"

सगळ्यात महाग चूक ही. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता, म्हणून जुने लोक अजून "काय ते दोन हजार टाक" म्हणतात. पण गुन्हा कबूल केला की शिक्षेची नोंद होते. दंड लहान असला तरी ती दोषसिद्धीच. वर 'कोर्ट उठेपर्यंत कैद' अशी शिक्षाही होऊ शकते. लायसन्सचं प्रकरण आरटीओत स्वतंत्र चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अशा गुन्ह्यात किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलं आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी तर आधी वकिलाशी बोलावं आणि मगच तोंड उघडावं. केस प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडू शकतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटक झाली होती का, हे सरळ विचारतात. तिथे 'नाही' लिहिणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त नडतं.

याचा अर्थ प्रत्येक केस लढवा असा नाही. पहिलीच वेळ, कुणाला खरचटलंही नाही, आकडा मर्यादेच्या कितीतरी वर, पोलिसांचे कागद चोख: अशा वेळी कबुली हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. आधी कागद बघायचे, मग ठरवायचं. कागद न बघताच 'लढू या' म्हणणारा वकीलही दलालाइतकाच धोक्याचा. आणि तारीख चुकवू नका. ई-कोर्ट्स ॲपवर ती दिसते. गैरहजर राहिलात की वॉरंट, आणि जामीनपात्र केस असूनही दारात पोलिस.

अपघात झाला असेल तर

वरचं बरंचसं विसरा. कुणी जखमी किंवा मृत असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत, आणि सदोष मनुष्यवध लावला तर जामीनही सहज नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. त्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर मे २०२४ मध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, गाडी चालवणाऱ्याच्या घरच्यांवरही गुन्हे दाखल झाले. पुरावा 'सांभाळायला' गेलं की एका आरोपीचे चार होतात. जखमीला दवाखान्यात पोचवा, पोलिसांना कळवा आणि वकील येईपर्यंत घटनेबद्दल व्हॉट्सॲपवर काहीही लिहू नका.

गाडी आणायला कोण जाणार?

गाडी ठाण्यात असेल तर आरसी, विमा, लायसन्स घेऊन शुद्धीतला माणूस न्या. गाडी कोर्टामार्फत सोडवायची वेळ आली तर सुपुर्दनामा, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याचं हमीपत्र, करावा लागतो. शुद्धीतला हा शब्द मी फोनवर दोनदा उच्चारतो. एकदा अशिलाचा मित्र जामीनदार म्हणून रात्री दोनला ठाण्यात पोचला, तोही त्याच पार्टीतून, स्वतःच्या बाइकवर. अंमलदाराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टेबलावरचं मशीन पुढे सरकवलं. त्या रात्री मी वकीलपत्राचे दोन फॉर्म भरले.