लठ्ठपणाविषयी जनजागृती करताना या चुका टाळा

४ मार्च हा जागतिक लठ्ठपणा दिन जवळ आला की फलक छापले जातात, शिबिरे भरतात, आणि आठवडाभरात सारे पूर्ववत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ८९ कोटी प्रौढांना आणि ५ ते १९ वयोगटातील १६ कोटी मुलामुलींना लठ्ठपणा होता. १९९० च्या तुलनेत प्रौढांमधील प्रमाण दुपटीहून अधिक वाढले आहे, तर किशोरवयीनांमधील प्रमाण चौपट झाले आहे. एवढ्या काळात जगभरच्या माणसांची इच्छाशक्ती एकाएकी खचली, असे म्हणायला काहीच आधार नाही. बदलले ते अन्न, कामाचे स्वरूप, प्रवासाची साधने आणि झोपेच्या वेळा. तरीही बहुतेक मोहिमा इच्छाशक्तीलाच साद घालतात आणि तिथेच फसतात.

पहिली चूक फलकावरच दिसते. मानेपासून वरचा भाग कापून केवळ सुटलेले पोट दाखवणारे छायाचित्र लावले की ज्यांच्यासाठी मोहीम आहे, त्यांनाच ती परकी वाटते. याहून मोठी चूक वजनकाट्यापाशी घडते. रांग लागलेली असते, एक बाई काट्यावर उभी राहते, स्वयंसेवक आकडा मोठ्याने पुकारतो, दुसरा तो नोंदवहीत लिहितो आणि रांगेतल्या माना वळतात. ती बाई त्या शिबिराला पुन्हा येत नाही. कित्येकदा ती पुढे रक्तदाब किंवा साखर तपासायलाही कुठे जात नाही, आणि हे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. काटा पडद्याआड ठेवावा, वजन करण्याआधी परवानगी विचारावी आणि आकडा फक्त त्या व्यक्तीला दाखवावा. हात नसलेल्या, रुंद खुर्च्या आणि दंडाला पुरेसा येणारा मोठा रक्तदाबाचा पट्टाही हवा, कारण लहान पट्ट्याने मोजलेला रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. हे सर्व किरकोळ वाटेल. माझ्या मते मोहिमेचे निम्मे यश याच तयारीवर ठरते.

दुसरी चूक म्हणजे ‘कमी खा, जास्त चाला’ एवढ्यावर सल्ला संपवणे. वजन घटू लागले की शरीर ते परत मिळवण्याची धडपड करते: चरबीच्या पेशींतून स्रवणारे, भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही घटते. त्यामुळे काही महिन्यांनी वजन पुन्हा वाढलेला माणूस आळशी ठरत नाही. त्याच्या शरीराने आपले काम केलेले असते. हे आधीच सांगितले नाही, तर तो स्वतःला दोष देत उपचार सोडतो. म्हणून उद्दिष्ट आटोक्यातले ठेवावे. शरीराचे वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेदाचे प्रमाण यांत चांगला फरक पडू शकतो. औषधांबाबतही हेच ध्यानात घ्यावे. भूक कमी करणारी जीएलपी-१ गटातील औषधे परिणामकारक आहेत, परंतु ती थांबवल्यावर वजन बहुधा परत वाढते. त्यांना चमत्कार म्हणणे जितके चूक, तितकेच ती घेणाऱ्याला पळपुटा म्हणणेही चूक.

बॉडी मास इंडेक्सलाच (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) निदान मानण्याची चूकही टाळावी. प्रौढांमधील लठ्ठपणा ठरवण्यासाठी ३० ही मर्यादा सोयीची आहे, पण चरबी कुठे साठली आहे हे तो आकडा सांगत नाही. आशियाई लोकसंख्येत धोका कमी आकड्यापासूनच सुरू होऊ शकतो, म्हणून तिथे २३ पासूनच लक्ष ठेवणे उचित मानले जाते. सोबत कंबरेचा घेरही मोजावा. मुलांना मात्र प्रौढांचे निकष लावू नयेत; त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जागृतीलाच कृती समजणे. शाळेत साखरेवर व्याख्यान होते आणि त्याच शाळेच्या आवारात गोड पेये विकली जातात; क्वचित व्याख्यानाचा खर्चही ती पेये विकणाराच उचलतो. असा पुरस्कर्ता नम्रपणे नाकारावा आणि आयोजकांनी आपली शक्ती नियम बदलण्याकडे वळवावी. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरयुक्त पेयांवर प्रति लिटर एक पेसो कर लावला आणि त्यांची खरेदी घटली. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये २०१८ चा कर पेयातील साखरेच्या प्रमाणाशी जोडला गेला, तेव्हा अनेक उत्पादकांनी तो लागू होण्यापूर्वीच साखर कमी केली आणि ग्राहकाला काहीही न सोडता त्याचा लाभ मिळाला. स्थानिक मोहिमेला कर लावता येणार नाही, पण शाळेच्या उपाहारगृहात काय विकले जाते, पिण्याचे पाणी विनामूल्य आणि सहज मिळते का, मुलांना सुरक्षितपणे चालत येता येते का, हे प्रश्न व्यवस्थापनासमोर लेखी मांडता येतात.

मोहीम चालली की नाही हे उपस्थितीवरून ठरवू नये. सहा महिन्यांनी मागील नोंदवही काढावी, पाठपुराव्याला किती जण परतले ते पाहावे आणि न परतलेल्यांपैकी ज्यांनी संपर्काची परवानगी दिली होती, अशा पाच-सात जणांना दूरध्वनी करून कारण विचारावे. उत्तर काट्याविषयी असेल, वेळेविषयी असेल किंवा कोणाच्या तरी एखाद्या शब्दाविषयी असेल. पुढच्या शिबिराची आखणी त्या उत्तरांपासून सुरू करावी.