पळसपापडी, लेंड्या आणि कंट्रोलची प्लेट: जंतांवर काम करायचंय त्यांच्यासाठी

दरवर्षी जून-जुलैत एम.एस्सी. पार्ट टूच्या दोन-तीन पोरांचा मेसेज ठरलेला, ताई जंतांवर औषधी वनस्पतीचं प्रोजेक्ट घ्यायचंय, कुठली वनस्पती घेऊ? मी उलटं विचारते, जंत कुठला घेणार? की मग दोन दिवस रिप्लाय नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक फेकली की झालं.

मी झूलॉजीची, कोल्हापूरचीच, पीएच.डी. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर. आपल्याकडं काम करायचं तर हिमोंकस कॉन्टॉर्टस हा जंत घ्या, उगाच वेगळं काहीतरी शोधत बसू नका. हा शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, रक्त पितो, मादीच्या अंगात लाल-पांढरा पीळ दिसतो म्हणून ओळखायला सोपा. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो, म्हणजे हजार जंत असले तर रोजचं ५० मिली गेलं. शेळीच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं, आणि एका मादीची दिवसाला पाच-पाच हजार अंडी लेंड्यांतून रानात पडत असतात. म्हणजे तुमचं रॉ मटेरियल फुकट. लेंड्या.

या कामाला महत्त्व का, तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ ला बाजारात आलं आणि १९६४ ला ते मेंढ्यांच्या हिमोंकसवर चालत नसल्याचा रिपोर्टपण आला, तीनच वर्षांत. नंतरच्या औषधांची गोष्टही फार वेगळी नाही. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हे लिहा, "आयुर्वेदात पाच हजार वर्षांपासून" ने सुरुवात करू नका, बाहेरून आलेला परीक्षक तिथंच पेन खाली ठेवतो.

वनस्पतींची यादी आपल्याकडं छोटी नाही. पळसाच्या बिया म्हणजे पळसपापडी, वावडिंग, काळी जिरी, कडुनिंब, करंज, गोचिडांवर सीताफळाच्या बिया. मी पळसपापडी आणि वावडिंग घेतलं आणि वावडिंगानं मला पहिला दणका दिला. बाजारातून पाव किलो आणलं, एक्स्ट्रॅक्ट केलं, अल्कली घातल्यावर जांभळा रंग आला, म्हटलं एम्बेलिन, म्हणजे वावडिंगातलं मुख्य द्रव्य आहे, झालं काम. विद्यापीठाच्या बॉटनीत एकांना दाखवलं तर म्हणाले हे एम्बेलिया रायबेस, म्हणजे खरं वावडिंग, कशावरून? वावडिंग म्हणून एम्बेलियाच्या दुसऱ्या जातीची फळंपण विकतात, मिरसिन या वेगळ्याच झाडाची पण विकतात, आणि एम्बेलिन त्यांच्यातही असतं. रंग आला म्हणून झाड कुठलं ते कळत नाही. तेव्हा झाडावरून स्वतः गोळा करा, पानाफुलासकट फांदी दाबून वाळवा, हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, जमा करून नंबर घ्या. पळसाला फाल्गुनात फुलं आणि उन्हाळ्यात शेंगा, ती वेळ गेली की वर्षभर थांबा.

आता धनगरवाड्यावरची गोष्ट. गगनबावड्याकडं एका मामांकडं गेले होते, हातात फॉर्म, वनस्पती, भाग, मात्रा असे रकाने. मामा म्हणाले मूठभर पळसपापडी. मी मात्रा म्हणून मूठ लिहिलं आणि पुढं सरकले. दुसऱ्या फेरीला किचनचा वजनकाटा घेऊन गेले, मामांना पाच वेळा मूठ भरायला लावली, पाची वेळा वेगळं वजन, मामा हसायला लागले, म्हणाले, "पोरी, शेरडाच्या आंगाकडं बघून मूठ भरायची असती, काट्याकडं बघून न्हाई." मग सगळं नीट विचारलं. बिया रात्रभर भिजवायच्या, वरची साल काढायची, वाटून ताकातनं बांबूच्या नळ्यानं पाजायचं. "आन् गाभणीला न्हाई हां." माझ्या फॉर्ममध्ये गाभणीचा रकानाच नव्हता! आणि मी लॅबमध्ये काय करत होते तर सालीसकट दळून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम सॉल्व्हंटनं अर्क काढायच्या उपकरणात, तासन्‌तास गरम. म्हणजे मामांचं औषध मी तपासतच नव्हते, माझं स्वतःचंच काहीतरी तपासत होते.

ही चूक किती महाग पडू शकते त्याला मोठं उदाहरण आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन. तू यूयू यांच्या टीमला गरम करून काढलेल्या अर्कात धड रिझल्ट मिळेना, जुन्या चिनी ग्रंथात झाड थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं सापडलं, मग कमी तापमानाला इथरनं काढलं आणि जमलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षी उरलेलं अर्धं आयव्हरमेक्टिनवाल्या कॅम्पबेल आणि ओमुरांना, हे जंतांवरचं औषध जनावरांसाठी १९८१ पासून वापरात आहे. जनावरांच्या जंतांवर काय काम करतेस म्हणून घरचे विचारतात ना, त्यांना हे सांगा, जरा गप्प बसतात.

एम.एस्सी.ला वेळ कमी असतो, एग हॅच टेस्ट पुरे, म्हणजे अर्कात अंडी उबतात का ते बघायचं. ताज्या लेंड्या, शक्यतो ग्लोव्ह घालून थेट शेळीकडूनच घेतलेल्या. पाण्यात कालवून चाळणीतून गाळायच्या, मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी वर तरंगतात, ती लगेच स्वच्छ धुवायची, प्लेटच्या एकेका वेलमध्ये (खळग्यात) शंभरच्या आसपास अंडी, त्यात अर्काचे वेगवेगळे डोस. ४८ तासांनी आयोडिनचा थेंब टाकून मोजायचं, अंडी किती राहिली आणि अळ्या किती बाहेर आल्या. एका बाजूला थायाबेंडाझोल, एका बाजूला नुसतं पाणी (तुलनेसाठी, हाच कंट्रोल), आणि एका बाजूला अर्क ज्यात विरघळवलाय ते सॉल्व्हंट. हे तिसरं लोक विसरतात, डीएमएसओसारखं सॉल्व्हंट जास्त पडलं तर तेच अंडी मारतं आणि तुम्ही झाडाला श्रेय देऊन मोकळे.

माझा पराक्रम ऐका. शनिवारी दुपारी पन्हाळ्याकडून लेंड्या आणल्या, दमले होते, फ्रिजमध्ये ठेवल्या, सोमवारी प्लेट लावली. बुधवारी बघते तर एकाही वेलमध्ये अळी नाही, सगळ्यात खालच्या डोसलापण नाही! नाद खुळा. पळत माझ्या गाईड सरांच्या केबिनला गेले. सर चहा पीत होते, मान वर न करता म्हणाले कंट्रोल काय म्हणतोय? कंट्रोल बघितलाच नव्हता. परत जाऊन बघितला, पाण्यातपण शून्य अळ्या. सर म्हणाले, "मग नळाचं पाणी पण जंतनाशक आहे म्हणायचं. पेटंट घेऊया." हिमोंकसच्या अंड्यांना थंडी सोसत नाही, फ्रिजमध्येच मेली होती बिचारी. काढल्यापासून तीन तासांच्या आत प्लेट लागली पाहिजे, म्हणजे गाव निवडताना लॅबपासूनचं अंतर बघा, एसटीची वेळ बघा. आजही प्लेट उघडली की मी आधी कंट्रोल बघते.

गांडुळावर टेस्ट करायची फॅशन आहे, स्वस्त पडतं, एका दिवसात पेपर. माझं स्पष्ट मत, करू नका. गांडूळ मातीत राहणारा वलयी प्राणी, हिमोंकस गोलकृमी, दोघांचं नातं लांबून पण लागत नाही.

आणि डोस कागदावर उतरवून बघत जा. रिसर्च पेपरात लिहिलेलं असतं ५० मिलीग्रॅम प्रति मिलीला उत्तम परिणाम. शेळीच्या पोटात समजा पाच लिटर माल आहे, तर तेवढी तीव्रता आणायला २५० ग्रॅम अर्क लागेल, आणि पाल्यातून अर्क दहा टक्के निघतो धरलं तर अडीच किलो वाळलेला पाला. हे औषध पाजायचं की वैरण घालायची? शिवाय पहिल्या पोटातले जिवाणू अर्क तोडतात ते वेगळंच.

जिवंत जनावरावर करायचं असेल तर प्राणी नीती समितीची परवानगी आधी, मग बाकीचं. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो, १९८४ चा कायदा आहे, तेव्हा को-गाईड व्हेटरिनरीचा घ्या, शिरवळचं कॉलेज आपल्याला जवळ. गटात किमान दहा जनावरं, औषधानंतर १० ते १४ दिवसांनी परत लेंड्या. अंडी मोजायच्या मॅकमास्टर स्लाईडला ३ ग्रॅम लेंड्या आणि ४२ मिली द्रावण घेतलं तर दोन खणांतली अंडी गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी, एवढं सोपं गणित. पण औषध न दिलेला गट ठेवाच. माझ्या वेळी दिवाळीनंतर अंडी निम्म्यावर आली, मी खूश, आणि नुसता चारा खाणाऱ्या गटातपण निम्म्यावर आलेली. पाऊस संपला की रान वाळतं, नवीन अळ्या पोटात जात नाहीत, आकडा आपोआप उतरतो.

मामांच्या माहितीवर उद्या कुणी प्रॉडक्ट काढलं तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, तेव्हा माहिती घेताना संमती लेखी घ्या आणि ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही बघून या. नोकरीचं म्हणाल तर हर्बल फीड सप्लिमेंटच्या कंपन्यांत क्यूसी (क्वालिटी तपासणी) आणि एक्स्ट्रॅक्शनला पोरं लागतात, बाकी नेट परीक्षा काढा आणि शिकवा, माझ्यासारखं.

जिवंत मोठे जंत हवे असतील तर रविवारी पहाटे ओळखीच्या मटणवाल्याकडं जा, आपल्या गावात रविवारी बकऱ्याला तोटा नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा की चौथं पोट टाकू नको, दोन्ही टोकं बांधून दे. कोमट सलाईन थर्मासमध्ये न्या, थंड पडलं तर जंत ढिले पडतात. फक्त थर्मास घरातला नेऊ नका. मी चहाचा नेला होता, आईनं तो परत स्वयंपाकघरात घेतला नाही, अजून माळ्यावर पडलाय.