मोर्चा, पोस्ट आणि डॉल्बी: घटनेचं नाव घेण्याआधी या चुका टाळा

साताऱ्यात वकिली करताना एक वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर येतं, "घटनेनं अधिकार दिलाय, मला कोण अडवतंय?" दुसरंही तितक्याच वेळा येतं, "साहेब नको म्हणाले, मग राहिलं." दोघांची चूक एकच. कलमाचं पुढचं पोटकलम दोघांनीही वाचलेलं नसतं. अधिकार एका ओळीत असतो, मर्यादा पुढच्या ओळीत, आणि ती मर्यादा मोजक्या शब्दांत बांधलेली असते. अडवणाऱ्याला विचारायचं ते एवढंच, की यातल्या कोणत्या शब्दाखाली?

"फर्स्ट अमेंडमेंट" म्हणून भांडणं

रील बघून पोरं थेट हेच म्हणतात. ती अमेरिकेच्या घटनेतली दुरुस्ती, १७९१ ची. धर्म, भाषण, वृत्तपत्रं, सभा यांच्यावर गदा आणणारा कायदा तिथल्या संसदेनं करू नये, असं ती सांगते. आपली पहिली घटनादुरुस्ती १९५१ ची आणि तिनं उलटं काम केलं. आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं रोमेश थापर यांच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी रद्द केली होती, कारण भाषणाच्या अधिकारावरची बंधनं सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये बंदीला टेकू देणारा शब्द नव्हताच. मग सरकारनं शब्दच घातले. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, गुन्ह्याला चिथावणी. पण त्याच दुरुस्तीत बंधन 'वाजवी' असलं पाहिजे हेही आलं आणि आज कोर्टात नागरिकाच्या सगळ्यात कामाला येतो तो हाच शब्द. १९६३ मध्ये देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता हे कारण वाढलं. राज्याची सुरक्षितता, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान आणि अब्रुनुकसानी धरून एकूण आठ कारणं होतात. नववं नाही.

"भावना दुखावल्या" हे त्या आठांत कुठेच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये धर्माचा अपमान हा गुन्हा आहे खरा, पण तो मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं केलेला असावा लागतो. कोणाला तरी राग आला, एवढ्यावर ते कलम लागत नाही. मात्र दोन समाजांत तेढ लावणारी पोस्ट थेट कलम १९६ मध्ये जाते आणि तिथे "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव फार लुळा पडतो.

पोस्टवरून पोलिसांचा फोन आला की

पहिली चूक घाईनं पोस्ट उडवण्याची. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर नंतर तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं हे समोरचाच सांगत बसतो. दुसरी चूक नोटीस खिशात घालून गावाला जाण्याची. चौकशीला हजर राहा सांगणारी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४१ अ ची नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली येते. ठरल्या वेळी हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही, टाळलीत तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत. आणि कागदावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम, दिसलं तर वकिलाला लगेच सांगा. पालघरमधल्या फेसबुक पोस्टच्या अटकांनी गाजलेलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तरी गुन्हे नोंदले जात राहिले, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

"खरं आहे ते लिहिलं, मग भीती कसली?" असं विचारणाऱ्यांसाठी वाईट बातमी आहे. फौजदारी अब्रुनुकसानीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. सरपंचानं रस्त्याचं बिल दोनदा उचललं हे लोकहित. त्याच्या घरातली भांडणं नव्हेत.

ग्रुप ॲडमिन मंडळींना थोडा दिलासा आहे. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. आणि भावकीच्या ग्रुपमधून काढलं म्हणून माझ्याकडे कलम १९ घेऊन येऊ नका. ते कलम मुख्यतः सरकारशी बोलतं, चुलत्याशी नाही.

"जमावबंदी लागलीय, म्हणजे सगळं बंद"

हा गैरसमज साताऱ्यातही आणि सांगलीतही. सणवार किंवा निवडणूक आली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(१) व (३) चा आदेश पेपरात येतो आणि लोक मोर्चाच गुंडाळतात. अहो, आदेशाची प्रत तरी वाचा. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपुढे चालत नाही. लग्न, अंत्ययात्रा यांना बहुतेक वेळा सूट असते आणि परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांनाही.

परवानगीच्या अर्जात हमखास होणारी चूक तोंडी बोलण्याची. माझीच सांगतो. नवा होतो तेव्हा एका पाणी समितीचा अर्ज एका कार्यालयात नुसता टेबलावर ठेवून आलो, पोच घेतली नाही. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी उत्तर मिळालं, "असा अर्जच आला नाही." तेव्हापासून आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मी जिना उतरत नाही. अर्जात मार्ग, वेळ, अंदाजे माणसं आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर घाला. नकार मिळाला तर लेखी आणि कारणासह मागा. मार्ग किंवा वेळ बदलायला सांगणं हे नियमन झालं, ते सहसा मान्य करावं. पण हवी तेव्हा परवानगी द्यायची, नको तेव्हा नाही, असा मोकळा हात अधिकाऱ्याला नसतो. अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असला नियम उडवून लावला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे लेखी नकार घेऊन मुंबईची गाडी पकडायची गरज उरलेली नाही.

एकत्र जमण्याच्या अधिकाराबद्दल कलम १९ मधले शब्द 'शांततेने आणि विनाशस्त्र' असे आहेत. मिरवणुकीत तलवार नाचवली की पहिल्याच शब्दांत अधिकार संपतो, पुढच्या वादाला जागाच राहत नाही. वडूज आणि इस्लामपूरला १९४२ मध्ये मोर्चांवर गोळ्या चालल्या तेव्हा हे कलम नव्हतं, हे मला तिकडून जाताना दर वेळी आठवतं.

धर्म आणि डॉल्बी

कलम १९ मध्ये अधिकार आधी येतो आणि मर्यादा मागून. धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ ची सुरुवातच मर्यादेनं होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या अधीन राहून. म्हणून "आमचा सण आहे" हे डॉल्बीचं उत्तर होत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही जाहीर करून. मंडळ कोणतंही असो, भोंगा कोणत्याही धर्माचा असो. २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की आवाज वाढवून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत हीच रेघ दिसते. पूजेला कोणी हात लावला नाही. पण नाग १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, त्यामुळे जिवंत नाग पकडून त्यांचे खेळ करण्यावर उच्च न्यायालयानं बंधन घातलं. गावात आजही यावर दोन मतं आहेत.

प्रेसचा बिल्ला

वृत्तपत्र स्वातंत्र्य असा वेगळा शब्द आपल्या घटनेत नाही. प्रेसला नागरिकापेक्षा वेगळा अधिकार लागत नाही, असं बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं. त्यांची शाळा इथलीच, राजवाड्याजवळची. पण तो कमकुवत अधिकार समजू नका. पानांच्या संख्येवरून पेपरची किंमत ठरवणारा सरकारी आदेश पुण्याच्या 'सकाळ'नं सर्वोच्च न्यायालयात नेला आणि तो रद्द करून घेतला. खप आणि पानं यांवरचा घाव हा बोलण्यावरचाच घाव, असा त्या निकालाचा अर्थ. मात्र यूट्यूब चॅनल काढून गाडीवर 'प्रेस' चिकटवलं म्हणून पंचनाम्याच्या पट्टीपलीकडे जाता येत नाही. पट्टीच्या अलीकडून शूटिंग करायला बिल्लाही लागत नाही.