सिल्वानर घेताना लेबलावर काय बघाल?

जर्मन व्हाइट वाइन म्हणजे रीसलिंग, आणि तीही गोड, असं धरून चालू नका. माइन नदीकाठच्या फ्रांकन भागात, वुर्झबुर्गच्या आसपास, सिल्वानर द्राक्षाची फार सुरेख कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन होते. तिथल्याच कास्टेल गावात ही वेल १६५९ मध्येच लावली गेली. चपट्या, गोल पोटाच्या ‘बॉक्सबॉयटल’ बाटलीवर ‘ट्रॉकन’ (कोरडी) लिहिलंय ना, तेवढं बघा. ‘हाल्बट्रॉकन’ (अर्धकोरडी) असेल तर थोडा गोडवा येणारच. साधी बाटली ताज्या सालातलीच घ्या. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. ८ ते १० अंशांना पिअरचा, गवताचा मंद वास खुलतो. आंबटपणा बेताचा, म्हणून वितळलेलं लोणी घातलेल्या पांढऱ्या अस्पॅरॅगसशी हिची जोडी उत्तम जमते. त्याचा जर्मनीतला हंगाम मात्र २४ जूनला संपतो.