चहा उकळू दे, पण उकळता हातात देऊ नका

आधी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणा, लांब काडीचा. मी कोल्हापुरात राजारामपुरीत चहा-कॉफीचं दुकान चालवतो आणि चौदा वर्षं त्याच्याशिवायच चहा ओतला. ओठाला चटका बसला की चहा फक्कड, असं आमच्या गिऱ्हाइकांचं मत, आणि माझंही तेच होतं. मग एका दुसऱ्या ठिकाणी काठोकाठ भरलेला कागदी कप माझ्या पाच वर्षांच्या भाचीच्या मांडीवर कलंडला. दवाखान्यातनं परत आल्यावर त्याच रात्री मी आपल्या दुकानातला चहा मोजायचं ठरवलं.

गाळून ग्लासात ओतल्या ओतल्या ८३ अंश निघाला. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, ७० अंशांचं सेकंदभरातच. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. शिवाय ६५ अंशांच्या वरचं पेय पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली सांगितलं. यात दोष उष्णतेचा धरलाय, चहाचा नाही.

म्हणून माझा नियम: करायचा कडक, द्यायचा ६० ते ६५ अंशांवर.

करताना आच कमी करू नका. म्हशीचं दूध आणि भुकटी चहा म्हटल्यावर दणदणीत उकळी पाहिजेच, नाहीतर चहा कच्चा लागतो. (कोल्हापूर उंचावर असल्यानं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.) फिल्टर कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. दुधाच्या कॉफीत मात्र वाफेनं दूध ६५ च्या पुढं नेऊ नका; ७० ओलांडलं की गोडवा जातो आणि तापलेल्या दुधाचा वास येतो. गुळाचा चहा असेल तर गॅस बंद करून, जरा थांबून गूळ घाला. उकळत्यात घातला तर दूध फाटतं, आणि थांबल्यानं चहाचं तापमानही खाली येतं.

तापमान उतरवायची सोपी रीत म्हणजे ओगराळ्यानं पाचसहा वेळा उंचावरनं ओढणं. आपले जुने चहावाले करतात ते दिखाव्यासाठी नाही, प्रत्येक धारेला उष्णता जाते आणि फेसही चढतो. मग काडी बुडवून बघायचं. आठवडाभरात हाताला अंदाज येतो, पण थर्मामीटर ठेवून देऊ नका, माझा हात पावसाळ्यात हमखास चुकतो. थर्मास किटलीत मात्र चहा तासभर ८० च्या वर राहतो, तिच्यातनं थेट कपात ओतू नका. उलट ६० च्या खाली आलेला दुधाचा चहा तासन्‌तास ठेवायचाही नाही, थोडा थोडा करत राहा.

भांड्याचा फरक मोठा आहे. बिनकानाचा काचेचा ग्लास बोटांनाच सांगतो, थांब. जाड कागदी कप आणि वर झाकण असलं की हाताला काही कळत नाही आणि पहिला घोट थेट टाळूवर बसतो. पार्सल देताना बोटभर जागा रिकामी ठेवा आणि तोंडानं सांगा, "गरम हाय, दोन मिनिटं थांबा." म्हातारी माणसं बशी मागतात, ती मागायच्या आधीच ठेवा. बशीत ओतलेला चहा पटकन निवतो, आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं.

"आणखी गरम पायजे" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. त्याचा कप आधी कढत पाण्यानं धुवून घ्या, म्हणजे ६५ चा चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतो. माझ्या गिऱ्हाइकांची बहुतेक तक्रार त्यानंच मिटली.

कुणाला भाजलंच तर ओला कपडा लगेच काढा आणि वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. फोड आला किंवा लहान मूल असलं तर दवाखाना.

आणि ट्रे उचलायच्या आधी मूल टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलंय ते बघा. दुसऱ्या बाजूनं जा, आणि कप मोठ्या माणसाच्या हातातच द्या.