चार-पाच सर्व्हिससाठी कन्सल नको

एकाच मशीनवर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) चार-पाच मायक्रोसर्व्हिस (एकाच अ‍ॅपचे छोटे स्वतंत्र भाग) चालत असतील तर कन्सल, युरेका वगैरे सर्व्हिसचा पत्ता शोधून देणाऱ्या टूल्सचा पसारा कशाला मांडायचा, स्वतःचं एक नेटवर्क बनवा आणि कंटेनरला नावानेच हाक मारा, डॉकरचा आतला डीएनएस १२७.०.०.११ वर बसलेला असतो तो नावावरून आयपी शोधून देतो (डॉकरच्या आयत्या डिफॉल्ट ब्रिज नेटवर्कवर मात्र हे चालत नाही हां). गोची होते ती पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या रिक्वेस्ट आत पाठवणारा प्रॉक्सी) असेल तर, कारण तो सुरू होतानाच नावाचा आयपी शोधून ठेवतो, मग कंटेनर नव्याने उठला, आयपी बदलला की ५०२ एरर. एनजिनएक्सला रिझॉल्व्हर (नावाचा आयपी ज्याला विचारायचा तो) म्हणून तोच १२७.०.०.११ द्या, आणि प्रॉक्सी-पासमधला (रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणारी सेटिंग) पत्ता व्हेरिएबलमधून घ्या.

आता नाव सापडलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. आतलंच तर नेटवर्क आहे म्हणून एंडपॉइंट (सर्व्हिसचे रिक्वेस्ट घेणारे पत्ते) उघडे टाकू नका. ५ मिनिटांचं जेडब्ल्यूटी (सही केलेलं परवानगीचं टोकन) पुरतं, सही करायची प्रायव्हेट की फक्त टोकन देणाऱ्याकडे, बाकीच्यांकडे सही तपासायची पब्लिक की, म्हणजे दर रिक्वेस्टला ऑथ सर्व्हरला विचारत बसायला नको. पण नुसती सही तपासून थांबू नका, ऑडियन्स (टोकन कोणत्या सर्व्हिससाठी आहे ते) पण बघा, नाहीतर ऑर्डरसाठी दिलेलं टोकन पेमेंटवाली सर्व्हिस पण मुकाट्याने घेते. आणि सहीचा अल्गोरिदम कोडमध्येच फिक्स करा, टोकनच्या हेडरवर विसंबू नका.